घट्ट झाकणाचा डबा

आई, आज पाण्याचा दिवस आहे. सकाळी साडेसहाला खालच्या हौदात पाणी पडायला लागलं आणि तुझी नात तोंडात ब्रश तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिली. आता ती सतरा वर्षांची आहे. पाणी कधी येणार हे अख्ख्या बिल्डिंगला तीच सांगते. आठ दिवसांनी की नऊ, सकाळी की दुपारी, लाइनमन बदलला तर किती उशीर, सगळं तिच्या डोक्यात असतं. लोक मला नाही, तिला फोन करतात. ती 'हॅलो' म्हणत नाही. एकदम 'शुक्रवारी, सहा-चाळीस' म्हणते आणि फोन ठेवून देते. तुला हसू आलं असतं. पण हे सांगायला मी बसलेली नाही. आत्ता दुपारचे अडीच वाजलेत. चार वाजता मला एक मजला उतरून खाली जायचंय आणि त्याआधी तुझ्याशी एक गोष्ट बोलायची आहे, जी पंधरा वर्षं बोलायची राहून गेली. तुझा डबा माझ्यासमोर टेबलावर आहे.

खालच्या मजल्यावर एक तरुण जोडपं राहतं. त्यांचा मुलगा गेल्या महिन्यात दोन वर्षांचा झाला आणि आज संध्याकाळी त्याचं बोरन्हाण आहे. सहा-सात महिने मी त्याला जिन्यात बघते आहे. कठड्याच्या गजांवरून तो हात फिरवत जातो, पहिल्या गजापासून शेवटच्या गजापर्यंत, मग परत. मधेच कुणी उचललं तर किंचाळतो. त्याची आई तीन-तीनदा हाक मारते, तो वळत नाही. पण गल्लीत टँकर मागं घेताना जो आवाज होतो, तो ऐकला की आतल्या खोलीतून धावत येतो. त्याला बोलताना मी ऐकलेलं नाही. बोट करून काही दाखवताना पाहिलेलं नाही. यातली एकेक गोष्ट कुठल्याही मुलात असू शकते हे तूच मला शिकवलंस. सगळ्या एका मुलात दिसायला लागल्या तेव्हा मी मोजणं थांबवलं आणि जिन्यात त्याच्या आईशी पाण्याबद्दल बोलायला लागले.

आज सकाळी ती वर आली. पदर खोचलेला, हात ओले. 'काकू, तुमचा तो डबा आणणार ना हो संध्याकाळी?' मी म्हणाले, 'आणते की.' बिल्डिंगमधल्या प्रत्येक बोरन्हाणाला मी तुझा डबा नेते, सगळ्यांना त्याची गंमत वाटते. ती दारातच घुटमळली. 'त्यात नेमकं काय करायचं असतं त्यानं? सांगा ना. दोन दिवस झाले, मी कॉफीच्या बरणीत शेंगदाणे टाकून घरी करून घेतेय त्याच्याकडून. पण हा गडी माझ्याकडं बघतच नाही. नुसता माझा हात धरतो आणि झाकणावर आपटतो. आमच्या सासूबाई खुलताबादहून येणार आहेत, सगळ्यांसमोर नको ना उगाच काही.' मग स्वतःच हसली. 'तसा हुशार आहे हो. ए बी सी डी पूर्ण म्हणतो मोबाइलबरोबर.' मला तिच्याकडं बघवेना. मी म्हणाले, 'चार वाजता येते. गर्दीच्या आधी.' 'चारलाच या हां काकू. सासूबाईंची गाडी साडेचारला पोचते.' तेवढ्यात खाली तिचा पिंप भरून वाहायला लागला आणि ती पळाली.

तिला कळलंय, आई. दोन दिवस घरात बरणी घेऊन बसलेल्या बाईला कळलेलं असतं. हे मला कसं ठाऊक ते तुला सांगायचं आहे.

सिल्लोडच्या रस्त्यावरच्या आपल्या गावात, ग्रामपंचायतीच्या मागची ती पत्र्याची खोली आठव. चैत्रात पत्रा तापला की तू मुलांना बाहेर लिंबाखाली आणायचीस. नवं मूल बालवाडीत आलं की पहिल्या दिवशी तू त्याला पाटी देत नव्हतीस, हा ॲल्युमिनियमचा, तुझ्या भाषेत जर्मनचा, डबा द्यायचीस. आत फुटाणे. झाकणाला पोचा आलेला, त्यामुळं ते इतकं घट्ट बसायचं की मोठ्या माणसालाही जोर लावावा लागे. डबा हातात देऊन तू पाठ करून धान्य निवडत बसायचीस, जणू लक्षच नाही. मूल डबा हलवायचं, आत खुळखुळ ऐकायचं, आपटायचं, काही रडायची. मग बहुतेक मुलं डबा घेऊन तुझ्यापुढं येऊन उभी राहायची आणि मान वर करून तुझ्या तोंडाकडं बघायची. शब्द नसला तरी ते बघणंच बोलणं असायचं. तू झाकण काढून द्यायचीस. क्वचित एखादं मूल मात्र तुझं मनगट पकडायचं, आपण पक्कड पकडतो तसं, आणि ते झाकणावर ठेवायचं. मान वर व्हायची नाही. त्याच्या नावापुढं तू हजेरीच्या वहीत पेन्सिलीनं एक लहानसा गोल काढायचीस. 'हे लेकरू माझ्याकडं नाय आलं,' तू मला सांगायचीस, 'माझ्या हाताकडं आलं.' ऑटिझम हा शब्द तुला तेव्हा ठाऊक नव्हता. मला तर तो पुढं फार महागात पडल्यावर कळला. एका डब्यावरून काही ठरत नाही असंही तू म्हणायचीस. पंधरा दिवस बघायचं. हाकेला वळतं का, बोट करतं का, काही सापडलं तर दाखवायला आणतं का. मग त्याच्या घरी जायचं.

वस्तीवरच्या मेंढपाळांची ती मुलगी तुला आठवत असेल. तुझ्याबरोबर मीही गेले होते. तिची आई दारात लोकर साफ करत बसली होती. 'बाई, पोरीला समदं ऐकू येतंय. मेंढराच्या गळ्यातली घंटी वाजली की पळती.' तू खाली मातीत बसलीस. 'तेच म्हणते मी. घंटी ऐकू येती. तू हाक मारली तर वळती का?' ती बाई लोकर पिंजत राहिली. मग म्हणाली, 'नाय वळत. ध्यान नसतं तिचं.' तू म्हणालीस, 'ध्यान कुठं असतं ते बघू मग आपण दोघी.' नाव ठेवलं नाहीस, घाबरवलं नाहीस. पण न सांगता उठलीही नाहीस.

ती मुलगी टाचा उचलून चालायची. मी नऊ वर्षांची, मैत्रिणींना हसवायला अंगणात तिच्यासारखी चवड्यांवर चालून दाखवत होते. तू आतून आलीस, हातातलं सूप खाली ठेवलंस. मला वाटलं, आता थप्पड. तू म्हणालीस, 'चाल आता तशीच. तिच्या वस्तीपोतर चाल.' आणि माझ्या मागं मागं आलीस. ओढा ओलांडेपर्यंत माझ्या पोटऱ्यांत गोळे आले. मी टाच टेकवली की तू नुसती थांबायचीस. वस्तीवर पोचल्यावर म्हणालीस, 'उद्यापासून हिला घेऊन यायचं, घेऊन जायचं. तुझं काम.' त्या पूर्ण हंगामात मी तिला आणलं आणि नेलं. तू तिच्यासमोर बसून गाणं म्हणायचीस आणि मधेच थांबायचीस. इतका वेळ थांबायचीस की मलाच पुढचा शब्द म्हणावासा वाटायचा. मी तोंड उघडलं की तू हात करायचीस. 'थांब. तिला जागा दे.' दिवाळीनंतर मेंढरं घेऊन ते लोक निघायच्या आठवडाभर आधी तिनं डबा आणला आणि तुझ्या तोंडाकडं बघितलं. क्षणभरच. तू झाकण काढून सगळे फुटाणे तिच्या ओंजळीत ओतलेस. मी पाहिलं ते.

म्हणजे मला सगळं माहीत होतं, आई. मला माहीत नव्हतं असं मी म्हणूच शकत नाही.

माझी लेक वर्षाची असताना 'पापा' म्हणायची, कावळा आला की 'काका' म्हणायची. दीड वर्षाची होता होता ते शब्द गेले. एक दिवस लक्षात आलं, बऱ्याच दिवसांत ऐकले नाहीत. चमचे ओळीनं लावायची, सगळ्यांची तोंडं भिंतीकडं. मिक्सर लावला की कानांवर हात. ताटली गरगर फिरवून तिच्याशेजारी आडवी पडून बघायची. हाकेला वळायची नाही, पण दोन मजले खाली पाण्याची मोटर सुरू झाली की हातातलं टाकून गॅलरीत. सासरचे म्हणाले, हिचा बाप चौथ्या वर्षी बोलला. मी ते दोन्ही हातांनी धरून ठेवलं. तू दर रविवारी फोन करायचीस आणि दर रविवारी विचारायचीस, 'का गं माय, वरून इमान गेलं की बोट करती का? तुला दाखवती का?' आमच्या गच्चीवरून चिकलठाण्याला उतरणारी विमानं किती खालून जातात हे तू पाहिलं होतंस. मी म्हणायचे, 'करते की.' तू म्हणायचीस, 'बरं.' एकदा तू तेच दुसऱ्यांदा विचारलंस आणि मी तुझ्यावर ओरडले. म्हणाले, तुझ्या बालवाडीतल्या पोरांसारखं माझ्या पोरीला तपासू नकोस, ती काही वस्तीवरची नाही. मग तू म्हणालीस, 'बोरन्हाणाला येते मी.'

तू डबा आणशील हे मला त्याच क्षणी कळलं. हातात तीन आठवडे होते. मी एक स्टीलचा डबा घेतला, झाकणात फडक्याची पट्टी कोंबून ते घट्ट केलं आणि आत फुटाणे टाकले. तिनं माझं मनगट धरलं की मी हात सोडवून घ्यायचे आणि डबा उचलून माझ्या चेहऱ्यापाशी धरायचे. तिची नजर वर आली की फुटाणा. सकाळी वीस वेळा, दुपारी वीस वेळा. तिच्या बापानं विचारलं, 'हे काय चाललंय?' मी म्हणाले, 'आजी येणार आहे, तिला खेळ दाखवायचा.' दहाव्या-बाराव्या दिवशी ती रडून रडून झोपली आणि मी डबा कपाटात ठेवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला. तिसऱ्या आठवड्यात तिला आलं. डबा घेऊन यायची, माझ्या पायांपाशी उभी राहायची, मान वर करायची. ती माझ्या डोळ्यांत बघत नव्हती हे मला दिसत होतं. ती माझ्या टिकलीकडं बघत होती. मी त्या दिवसांत ठसठशीत मरून टिकली लावायचे. मला वाटलं, एवढं चालेल. डोळे आणि टिकली यात असं किती अंतर.

तू आलीस. आदल्या दिवशी मी गुलमंडीतून हलव्याचे दागिने आणि काळा फ्रॉक आणला होता. दागिने तिनं अंगावर राहू दिले नाहीत, फ्रॉकवर समझोता झाला. बायका जमल्या, पोरं जमली. पाटावर बसवून तिच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे तुकडे, हरभऱ्याचे घाटे ओतले आणि पोरांनी झडप घातली. ती किंचाळली नाही. कानांवर हात दाबून तिनं डोळे मिटून घेतले. मग गलका ओसरल्यावर उठून चार बोरं गोळा केली आणि भिंतीशी ओळीनं लावायला लागली, सगळ्यांचे देठ भिंतीकडं. शेजारची एक बाई म्हणाली, 'अगंबाई, इंजिनीअर होणार ही तर!' सगळ्या हसल्या. मी सगळ्यांत मोठ्यानं हसले. तू दाराच्या चौकटीपाशी उभी होतीस. तू हसली नाहीस.

गर्दी गेली, दोघीतिघी चहा घेत थांबल्या होत्या. तू पिशवीतून डबा काढलास आणि तिच्या हातात दिलास. पाठ करून बसलीस, पसरलेले चुरमुरे गोळा करायला लागलीस. तिनं डबा हलवला. एकदा आपटला. मग आली, अगदी मी शिकवलं होतं तशी. तुझ्यापुढं उभी राहिली आणि मान वर केली. मला सुटल्यासारखं वाटलं. आणि मग ती थबकली. तुझ्या कपाळावर टिकली नव्हती. बाबा गेल्यापासून तू लावतच नव्हतीस. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. ती तुझ्या कपाळावर नजर फिरवत राहिली. मग तिनं एक बोट उचललं आणि तुझ्या दोन भुवयांच्या मधे, जिथं काहीच नव्हतं तिथं, टेकवलं. चहा पिणारी एक बाई म्हणाली, 'बघा, आजीची टिकली शोधते!' तेवढ्यात लेक वळली, माझ्याकडं आली आणि तोच डबा माझ्या कपाळासमोर धरला.

तू माझ्या टिकलीकडं बघितलंस, मग माझ्याकडं. मी खाली बघितलं. तू जागची उठलीस, तिच्या हातातून डबा घेतलास, झाकण काढून तिला फुटाणे दिलेस. म्हणालीस, 'हुशार हाय. शिकवलं की येतं हिला.' बस्स. वस्तीवर ओढा ओलांडून सांगायला जाणारी तू, माझ्या स्वयंपाकघरात मला काही बोलली नाहीस. मी चहाचे कप विसळत बसले. एकेक कप दोनदा.

दुसऱ्या दिवशी स्टँडवर सोडायला आले. सिल्लोडची गाडी लागली होती. तू पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिलास. 'ऱ्हाऊ दे तुझ्याकडं. मला आता कुठं लागतो.' गाडीत चढून खिडकीशी बसलीस आणि गाडी हलताना म्हणालीस, 'नाय उघडता आला तर सांग मला.' मी म्हणाले, 'मला येतो आता उघडता, आई.' घरी येऊन मी तो माळ्यावर टाकला.

त्यानंतर तू रविवारी फोन करायचीस, पण विमानाचं विचारलं नाहीस. मला हायसं वाटलं. तू फसलीस किंवा तू सोडून दिलंस, दोन्ही मला चालणार होतं. काय खाल्लं, थंडी आहे का, पाणी आलं का, एवढंच आपण बोलायचो, आणि प्रत्येक फोनच्या शेवटी तू थोडा वेळ गप्प राहायचीस. मी 'ठेवते' म्हणायचे. श्रावणात तू गेलीस.

लेक साडेचार वर्षांची झाली, शाळेनं तिला ठेवून घ्यायला नकार दिला, तेव्हा आम्ही डॉक्टरांकडं गेलो. आधी कान तपासले. कान उत्तम होते. मग समुपदेशक बाईंनी विचारलं, 'नजरेला नजर देते का?' मी म्हणाले, 'डबा दिला तर देते.' त्यांना कळलं नाही. 'पहिल्यांदा शंका कधी आली?' मी म्हणाले, 'आत्ता, शाळेत घातल्यावर.' तिच्या फायलीत पहिल्या पानावर आजही तेच लिहिलेलं आहे. त्या म्हणाल्या, 'थोडं आधी आला असतात तर बरं झालं असतं, पण आता आलात ना, करू सुरुवात.' सुरुवात म्हणजे काय, तर त्या तिच्यासमोर बसल्या, एक खेळ सुरू केला, मधेच थांबल्या आणि वाट बघत राहिल्या. मी खोलीबाहेर येऊन जिन्यात बसले. मला लिंबाखालची तू दिसत होतीस. त्याच संध्याकाळी स्टुलावर चढून मी तुझा डबा खाली काढला.

खूप दिवस मला तुझा राग होता. तू सांगितलं का नाहीस? परक्यांच्या दारात मातीत बसून सांगायचीस, मला नाही? मग कधीतरी, लेकीसमोर बसून तिच्या शब्दाची वाट बघत असताना, मला ते फोनच्या शेवटचं गप्प राहणं आठवलं. तू थांबली होतीस. झाकण घट्ट होतं आणि डबा तू माझ्या हातात दिला होतास. मी तुझ्याकडं आले नाही. पण मला अजून वाटतं, आई, की तू चुकलीस. मी काही दोन वर्षांची नव्हते. मला जागा नको होती. कुणीतरी पाठीमागून चालत येऊन वस्तीपर्यंत न्यायला हवं होतं.

म्हणून मी खाली जाऊन तुझ्यासारखी वाट बघत थांबणार नाही. चार वाजत आलेत. लेक दोनदा दारात येऊन गेली. आत्ता तिसऱ्यांदा आली. 'चारला जायचंय. तीन-बावन्न झालेत.' मग टेबलाकडं बघून म्हणाली, 'डबा न्यायचा नाही?' मी म्हणाले, 'नाही.' 'मग काय न्यायचं?' मी डबा बाजूला सरकवला. म्हणाले, 'तू येतेस का माझ्याबरोबर?' ती म्हणाली, 'पोरं ओरडतील. पाच मिनिटं येते.' पाच म्हणजे पाच. तेवढ्यात मला खालच्या त्या तरुण आईला, तिची सासू पोचायच्या आधी, सगळं सांगायचंय. तिच्या मुलाबद्दल नंतर, आधी माझ्या टिकलीबद्दल. ती कदाचित मला घराबाहेर काढेल. मी तिच्या जागी असताना तेच केलं असतं.

हा कागद कुठं जाणार नाही. एक मात्र राहिलं. वरून विमान गेलं की ती बोट करायची का, असं तू विचारायचीस ना? नव्हती करत, आई. एकदाही नाही केलं.